डायसखालचे टेबल

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघाले की वाटेत कडकोळ लागते. रेल्वे स्टेशन असलेले, शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिलेले गाव. कारखाने आले की गुंठ्याला किंमत येते आणि किंमत आली की लोकांना बांध आठवतात. तिथल्या दोन भावांचे शेतावरून बिनसले, तर दावा म्हैसूरच्या दिवाणी न्यायालयात जाईल. वकील दाव्याचा कागद तयार करतील, न्यायाधीश पुढेमागे निकाल देतील. पण कागद वकिलाच्या हातातून निघाला की तो थेट न्यायाधीशांपुढे पडत नाही. आधी तो शिरस्तेदाराच्या टेबलावर येतो. कोर्ट फी पुरेशी आहे का, दाव्यात सांगितलेली मिळकत याच न्यायालयाच्या हद्दीत येते का, सत्यापनाखाली सही आहे का, वकीलपत्र जोडले आहे का, समोरच्या जितक्या माणसांवर दावा आहे तितक्या प्रती आहेत का, हे सगळे तिथे तपासले जाते. काही कमी असले की कागदावर आक्षेपाचा शेरा पडतो, आणि तो शेरा दूर होईपर्यंत भावाभावांचे भांडण कायद्याच्या दृष्टीने सुरूच झालेले नसते.

हेच दोघे भाऊ इंदापूरचे किंवा कराडचे असते, तर त्या खुर्चीतल्या माणसाला आपण सहायक अधीक्षक म्हटले असते. त्याच्या हाताखाली वरिष्ठ आणि कनिष्ठ लिपिक, बाजूला नाझर, नाझराच्या हाताखाली बेलीफ, नक्कल विभागात एक, अभिलेख कक्षात एक, आणि न्यायाधीशांच्या डायसच्या अगदी खाली टेबल मांडून बसलेला तो बेंच क्लार्क. अशिलांच्या तोंडी हे सारे जण सरसकट ‘भाऊसाहेब’. अमेरिकेतल्या कौंटी न्यायालयात हीच कामे करणाऱ्याला डेप्युटी क्लार्क म्हणतात. इंग्रजांची पद्धत दोन्हीकडे मुळाशी असल्यामुळे कामाचा सांगाडा ओळखीचा वाटतो, फरक आहे तो नेमणुकीत. तिकडच्या अनेक राज्यांत न्यायालयाचा मुख्य क्लार्क मतदार निवडून देतात, आणि डेप्युटी त्याच्या नावाने सह्या करतात. आपल्याकडे निवडणूक नाही, परीक्षा आहे.

आपल्या बाजूची ही घडी १८२७ सालच्या एल्फिन्स्टन कोडपासूनची. मुंबई इलाख्यात त्या वर्षी कायदे एकत्र बांधले गेले आणि जिल्हा न्यायालयांचा कारभार ठरावीक साच्यात आला. १८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्यांच्या हाताखालचे दुय्यम न्यायाधीश अशी उतरंड पक्की केली. म्हैसूर संस्थानाचा रस्ता वेगळा. तिथे १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षे इंग्रज कमिशनरांचा अंमल होता आणि १८८४ साली म्हैसूरचे स्वतःचे चीफ कोर्ट स्थापन झाले. मात्र टेबलावरचा माणूस दोन्हीकडे एकाच घडणीचा. हैदर-टिपूच्या काळापासून, आणि पुढे दिवाण पूर्णय्यांच्या कारभारातही, म्हैसूरच्या दप्तरात कन्नडबरोबर मराठीत हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांचा मोठा वर्ग होता. दावा, कैफियत, जामीन, जप्ती, नक्कल ही बोली आजही दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांत चालते.

आता कागद आत गेला असे धरू. त्याला क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात साधा दिवाणी दावा असेल तर ‘रे.मु.नं.’, म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून साल. हुकूमनाम्याची अंमलबजावणी असेल तर दरखास्त. त्यानंतर प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक कागदावर क्लार्क ‘निशाणी’ टाकतो. दाव्याचा अर्ज निशाणी १. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला बहुतेक वेळा पाचवा आकडा मिळत गेला आणि आता महाराष्ट्र-गुजरातेतल्या वकिलांच्या बोलण्यात ‘निशाणी पाच’ म्हणजेच मनाईचा अर्ज झाला आहे. ‘पाचचे काय झाले?’ असा प्रश्न बाररूममध्ये ऐकू आला, तर कुणाचे तरी बांधकाम थांबायचे किंवा सुरू राहायचे आहे एवढे समजावे. निशाण्यांची ही माळ दिसायला किरकोळ आहे. पण वीस वर्षांनी अपिलात एखादा वकील उठून ‘निशाणी ४७ पाहा’ म्हणतो, तेव्हा त्या आकड्याखाली तोच कागद सापडला पाहिजे. मधल्या काळात न्यायाधीश सात-आठ बदललेले असतात, वकील बदललेले असतात, क्वचित पक्षकारही वारसांच्या रूपाने बदललेले असतात. बदलत नाही तो आकडा.

सकाळी न्यायाधीश डायसवर येण्यापूर्वी बोर्ड तयार असावा लागतो. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. त्यातली प्रत्येक फाइल कपाटातून काढून, आदल्या तारखेचे कागद लावून, क्रमाने रचून ठेवायची. पुकारा झाला की बेंच क्लार्कने फाइल वर द्यायची आणि न्यायाधीश काय म्हणाले ते रोजनाम्यात उतरवायचे. रोजनामा म्हणजे त्या प्रकरणाची तारीखवार हकीकत. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, वकिलांनी मुदत मागितली, खर्चासह दिली, साक्षीदाराचा सरतपास झाला, उलटतपासासाठी पुढची तारीख अमुक. एकेक नोंद दोन-तीन ओळींची आणि तिच्याखाली न्यायाधीशांची सही.

त्या दोन ओळींचे वजन बाहेरच्याला कळत नाही. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर अशी नोंद झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशानुसार दावा काढून टाकता येतो. उलट झाले तर दावा एकतर्फी चालतो. प्रतिवादीने कैफियत तीस दिवसांत द्यायची असते, फार तर नव्वद; समन्स त्याला नक्की कोणत्या दिवशी मिळाले याची नोंद चुकली की हा सगळा हिशेब कोलमडतो. न्यायालयात काय घडले याबद्दल वाद झाला तर न्यायालयाचा स्वतःचा लेख खरा मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली रामदास नायक यांच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. प्रकरण महाराष्ट्रातले, माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या संदर्भातले, आणि वाद उच्च न्यायालयाच्या निकालपत्रातल्या एका नोंदीचा होता. पण तत्त्व खालपर्यंत झिरपते. ‘मी आलो होतो हो, दारातच उभा होतो’ हे म्हणणे खरे असेलही. रोजनामा तसे म्हणत नसेल, तर ते सिद्ध करता करता त्या माणसाची चप्पल झिजते.

क्लार्कची चूक झाली तर काय होते, याचे सगळ्यात बोलके उदाहरण हरियाणातल्या सिरसाचे आहे. तेव्हा सिरसा पंजाबात होते. जंगसिंग नावाच्या माणसाने जमिनीच्या अग्रहक्काचा दावा लावला. म्हणजे जमीन दुसऱ्याने विकत घेतली असली तरी ती घेण्याचा पहिला हक्क आपला, असे त्याचे म्हणणे. तडजोड होऊन हुकूमनामा झाला. जंगसिंगाने १ मे १९५८ पर्यंत ५,९५१ रुपये भरायचे. त्यातले १,००० रुपये त्याने आधीच भरले होते. उरले ४,९५१. मुदतीत भरले नाहीत तर दावा रद्द. जंगसिंग आळशी नव्हता. मुदतीच्या जवळजवळ चार महिने आधी, जानेवारीतच, तो न्यायालयात अर्ज घेऊन गेला की उरलेले पैसे भरून घ्या. क्लार्कने दोन प्रतींत चलन तयार करून त्याच्या हातात दिले. चलनावर आकडा पडला ४,९५०. जंगसिंगाने तेवढे पैसे बँकेत भरले आणि पुढे जमिनीचा ताबाही मागितला.

मे महिन्यात दुसऱ्या पक्षाने जमा रक्कम उचलण्यासाठी अर्ज केला, तेव्हा नायब नाझराने हिशेब तपासला आणि अहवाल दिला की एक रुपया कमी आहे. मुदत तर उलटून गेलेली. आता कायद्याचे कलम काटेकोर वाचले तर हुकूमनाम्याची अट मोडली होती, म्हणजे दावा गेला, जमीन गेली. प्रकरण एकेक पायरी चढत उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही जंगसिंग हरला. एका रुपयासाठी तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६३ साली निकाल दिला. पक्षकाराने स्वतः हुकूमनामा नीट वाचायला हवा होता हे खरे, पण तो न्यायालयाकडेच विचारायला आला असताना न्यायालयाच्याच माणसांनी त्याला चुकीचा आकडा दिला. न्यायालयाच्या कृतीने कुणाचे नुकसान होता कामा नये, याहून मोठे तत्त्व नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. जंगसिंगाला तो एक रुपया भरण्याची संधी मिळाली. हा निकाल आजही देशभरच्या न्यायालयांत दाखला म्हणून दिला जातो. ज्या क्लार्कच्या लेखणीतून शेवटचा एक गळाला, त्याचे नाव मात्र निकालात महत्त्वाचे ठरले नाही, आणि ते बरेच झाले.

मला या प्रकरणात जंगसिंगाइतकाच तो नायब नाझर लक्षात राहतो. चूक आपल्याच कचेरीची होती हे त्याला दिसत असणार. तरी त्याने एक रुपया कमी असल्याचे लिहिले. हे निष्ठुर वाटते. पण रुपया सोडून देण्याचा अधिकार त्याचा नव्हता. कायदा या लोकांच्या कामाला न्यायदानाचे काम मानत नाही, कारकुनी काम मानतो. नोंद करायची, मोजायचे, तपासायचे, पुढे ठेवायचे. सोडायचे की धरायचे हे वरच्या खुर्चीने ठरवायचे. ज्या दिवशी क्लार्क स्वतः दया दाखवू लागेल, त्या दिवशी तो दुसऱ्या कुणावर तरी राग काढायलाही मोकळा होईल.

लेखणीच्या अशा चुकांसाठी कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ सांगते की निकालातली किंवा हुकूमनाम्यातली लेखनाची वा आकडेमोडीची चूक न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते. गट नंबर १२३ ऐवजी १३२ पडला, बापाचे नाव चुकले, बेरीज चुकली, तर अर्ज देऊन दुरुस्त होते. हे अनेकांना माहीत नसते. हुकूमनामा हा निकालपत्राहून वेगळा कागद आहे आणि तो क्लार्क तयार करतो. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणे दिलेली असतात. हुकूमनाम्यात फक्त कुणी कुणाला काय द्यायचे, मिळकतीचे वर्णन, आणि खर्चाचा तक्ता. तलाठ्याकडे, बँकेकडे, दुय्यम निबंधकाकडे उपयोगी पडतो तो हुकूमनामा. निकाल जिंकून हुकूमनामा न वाचता घरी गेलेला माणूस अर्धाच जिंकलेला असतो.

आता टेबलावरून उठून गावात जाऊ, कारण या खात्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात बदनाम काम तिथे चालते. नाझर म्हणजे न्यायालयाचा खजिनदार आणि बजावणीचा प्रमुख. समन्स, नोटिसा, जप्तीचे वॉरंट त्याच्याकडून बेलिफाकडे जातात. म्हैसूरकडे बेलिफाच्या जोडीला अमीन. कायद्याने बेलिफाचे हातपाय चांगलेच बांधले आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. समन्स माणसाच्या हातात द्यायचे. तो नसेल तर घरातल्या सज्ञान व्यक्तीला. घरचा नोकर त्यात धरत नाहीत. कुणीच घेत नसेल तर दारावर चिकटवायचे, आणि कधी, कसे, कुणासमक्ष चिकटवले ते लिहून आणायचे. जप्तीला गेला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, शेतीला लागणारी जनावरे आणि बियाणे, आणि धर्माच्या रिवाजाने बाईच्या अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, यांना हात लावायचा नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. कलम ६० ची ही यादी वाचताना तिच्यामागे दिसतो तो एकोणिसाव्या शतकातला दख्खनचा कुणबी.

कारण इथेच एकदा ही यंत्रणा फुटली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले आणि मागणी केली ती पैशाची नव्हे, कर्जरोख्यांची. रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारने आयोग नेमला, आणि त्याला दिसलेल्या गोष्टींपैकी एक अशी की सावकारांचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत होते. कुणब्याला समन्स पोचले की नाही, पोचले तर कळले की नाही, कळले तरी तालुक्याला जायला दिवस आणि पैसा होता की नाही, हे कुणी विचारत नव्हते. सावकार मात्र रोखा घेऊन हजर. न्यायाधीशापुढे कागद बरोबर होते. कागदात गावाबाहेरच्या वडाखाली बसून ‘बजावले’ असा शेरा मारणारा माणूस दिसत नव्हता.

यातून १८७९चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्याने न्यायालयाला सांगितले की शेतकरी प्रतिवादी असेल तर रोख्यावर थांबू नका, व्यवहाराचा मागचा इतिहास खणा, प्रतिवादीला बोलावून त्याचे म्हणणे ऐका. कर्जासाठी शेतकऱ्याची अटक बंद झाली. गावपातळीवर समेट करणारे आणि ग्राममुन्सफ नेमण्याची सोय झाली. म्हणजे बजावणीच्या एका सहीवर न्यायालयाने डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे कायद्यालाच सांगावे लागले.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्या रागाचा मोठा भाग कचेरीतल्या कारकुनांवर होता. अक्षर येणारा एक आणि न येणारा एक समोरासमोर बसले, की अक्षर येणारा काय करू शकतो हे त्यांनी पाहिले होते. त्या काळात ही टेबले एकाच जातीच्या हातात होती, आणि लिपी मोडी. म्हणजे बाहेरच्याला दोन कुलपे. हा राग अतिशयोक्त होता असे म्हणणाऱ्यांनी दख्खनच्या दंग्यांचा अहवाल वाचावा.

पण त्याच टेबलावरून निराळा माणूसही उठला. गणेश वासुदेव जोशी १८४८ साली साताऱ्याहून पुण्याला आले आणि नाझराच्या कचेरीत नोकरीला लागले. पुढे नोकरी सुटली, १८६५ साली ते वकिलीची परीक्षा पास झाले, आणि २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली तिच्या मुळाशी तेच होते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. १८७७च्या दिल्ली दरबाराला ते हातमागाच्या खादीच्या पोषाखात गेले, आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला कुणी धजत नव्हते तेव्हा ते उभे राहिले. सरकारी कागद कुठून येतो, कुठे अडतो, कोणत्या शब्दाने हलतो, हे ज्याने नाझराच्या कचेरीत बसून पाहिले आहे, त्याला अर्ज-विनंत्यांचे राजकारण शिकवावे लागत नाही. सभेच्या निवेदनांना जो काटेकोरपणा होता, त्यातला काही तरी वाटा त्या कारकुनीचा आहे, असे मला वाटते.

चिरीमिरीबद्दल बोलायलाच हवे. तारीख लांबवायला, तारीख जवळची घ्यायला, फाइल ‘सापडायला’, नक्कल लवकर निघायला, बेलिफाला गाडीभाडे म्हणून, असे पैसे मागितले जातात आणि दिलेही जातात. रक्कम लहान असते, म्हणून तक्रार होत नाही. हा रोग पगाराने बरा होतो असे नाही, पण पगाराचा संबंध आहेच. न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला, तो न्यायाधीशांसाठी. पण त्याने २००३ साली न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा आणि सेवाशर्तींचाही स्वतंत्र विचार केला. शेट्टी कर्नाटकातलेच. एखाद्या खात्याचा विचार व्हायला स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षे लागली, यावरून त्या खात्याकडे कुणाचे किती लक्ष होते ते कळते.

अमेरिकेत धोका वेगळ्या अंगाने येतो. दक्षिण कॅरोलायनातल्या कॉलेटन कौंटीत २०२३ साली मर्डॉ नावाच्या आरोपीवरचा खुनाचा खटला गाजला. तिथे ज्यूरीची देखभाल क्लार्ककडे असते. खटला संपल्यावर क्लार्कबाईंनी त्यावर पुस्तक लिहिले, ज्यूरीवर प्रभाव टाकल्याचा आरोप त्यांच्यावर झाला, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निवडून आलेला क्लार्क लोकांना जबाबदार असतो हे खरे, पण प्रसिद्धीची चव त्यालाच लागते. आपला अनाम, बदलीपात्र, सहीपुरता ओळखला जाणारा कनिष्ठ लिपिक मला या बाबतीत जास्त सुरक्षित वाटतो.

मुद्देमालाची खोली हा या नोकरीतला सगळ्यात विचित्र कोपरा. फौजदारी खटल्यातल्या वस्तू तिथे येतात. कोयते, रक्ताचे कपडे, दारूचे कॅन, मोबाइल, सोन्याचे मणी. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकाची नोंदवहीत ओळ, आणि खटला संपून अपिलाची मुदत उलटेपर्यंत सांभाळ. मौल्यवान वस्तू आणि वाहने वर्षानुवर्षे कुजत ठेवू नका, पंचनामा करून, फोटो काढून, जामीन घेऊन लवकर परत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले. तरी कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात गंजलेल्या मोटारसायकलींचा ढीग दिसतोच.

या नोकरीत जायला आता काय लागते? पदवी, टंकलेखनाचे प्रमाणपत्र, मराठी मिनिटाला ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग, संगणकाचे ज्ञान. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांसाठी साडेचार हजारांहून अधिक पदांची जाहिरात काढली. त्यात लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशी पदे होती. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे, त्यामुळे मराठी शुद्ध लिहिणारा उमेदवार इथे खरोखर उपयोगाचा आहे. कडकोळच्या भावांचा दावा कन्नडमध्ये चालेल.

संगणकाने काम कमी झाले असे बाहेरच्यांना वाटते. रोजनामा आता पडद्यावर लिहिला जातो, संध्याकाळपर्यंत पुढची तारीख आणि पुढचा टप्पा प्रणालीत भरावा लागतो, आणि देशातल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा आकडा, प्रकरणाचा अनुक्रम आणि शेवटी साल. हा क्रमांक टाकला की घरबसल्या मोबाइलवर तारीख दिसते. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित असताना हे हवेच होते. फक्त त्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक तारीख कुणी तरी हाताने भरलेली असते, आणि कागदाची फाइल अजून गेलेली नाही. म्हणजे तूर्त दोन्ही वह्या क्लार्कलाच लिहायच्या आहेत. संगणकाचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे: ‘तारीख काय पडली?’ हे विचारण्यासाठी कुणाच्या टेबलापाशी घुटमळावे लागत नाही, आणि त्या प्रश्नावर चालणारी छोटी कमाई आटली.

राहिली नक्कल. निकालाची प्रमाणित प्रत मिळाल्याशिवाय अपिलाचे पुढे काही सरकत नाही, आणि अपिलाला मुदत असते. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. १९६३च्या मुदत कायद्याचे कलम १२ म्हणते की नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मुदतीत मोजायचे नाहीत. म्हणून नकलेच्या मागच्या पानावर क्लार्क तारखा टाकतो: अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. अपील मुदतीत आहे की नाही याचा फैसला त्या शिक्क्यावरून होतो. पण त्याच कलमात एक अट आहे. हुकूमनामा तयार व्हायला न्यायालयाने तुमच्या अर्जाच्या आधी घेतलेला वेळ तुम्हाला मिळत नाही. अर्ज दिल्यापासूनच सवलत सुरू होते. हुकूमनामा तयार झाला की मग अर्ज करू, असे म्हणत थांबलेल्या माणसाचे दिवस त्याच्याच खात्यातून जातात.

तेव्हा तुमच्या घरात एखादे प्रकरण चालू असेल तर निकाल लागेल त्याच दिवशी, कोर्ट उठण्यापूर्वी, नकलेचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नक्कल हातात आली की मागच्या तीन तारखा जुळवून पाहा, मग हुकूमनाम्यातली नावे, गट नंबर आणि बेरजा स्वतः तपासा. चूक दिसली तर कलम १५२ खाली लगेच दुरुस्ती मागा.